सावित्रीबाई फुले: प्लेगच्या साथीतली शुश्रूषा आणि सेवा करणाऱ्याची सुरक्षा

तुम्ही शाळेत असताना सावित्रीबाई फुल्यांवर भाषण केलं असेल, निदान ऐकलं तरी असेल. भिडेवाड्यातली शाळा, अंगावर फेकलेलं शेण, सोबत घेतलेली दुसरी साडी, हे सगळं आपल्याला पाठ असतं. त्यांचा मृत्यू कशाने झाला, हे मात्र बऱ्याच जणांना आठवत नाही.

मी काष्टीत जनरल प्रॅक्टिस करतो. मागच्या ३ जानेवारीला एका शाळेत आरोग्य तपासणीसाठी गेलो होतो. सावित्रीबाईंच्या जयंतीचा कार्यक्रम नुकताच संपला होता, म्हणून सातवीच्या वर्गात मी हाच प्रश्न विचारला. एका मुलीने बरोबर सांगितलं, प्लेगने. रुग्णाची सेवा करताना त्यांना प्लेग झाला, हेही तिला माहीत होतं. मग तिने मलाच विचारलं, की त्या सगळ्यांची काळजी घेत होत्या, तर त्यांची काळजी कोण घेत होतं?

हा प्रश्न मला लागला, कारण आदल्याच आठवड्यात माझ्या दवाखान्यात एक प्रकार घडला होता. वापरलेल्या सुईला टोपण लावताना आमच्या सिस्टरच्या बोटाला सुई टोचली. तिने मला दोन दिवस सांगितलंच नाही. तपासणीचा खर्च पगारातून जाईल, अशी तिला भीती वाटत होती. तिने हिपॅटायटिस बीची लस घेतली आहे का, हे मी तिला कामावर घेताना विचारलं नव्हतं आणि नंतरही कधी विचारलं नव्हतं. रुग्णाचे आणि तिचे रिपोर्ट नॉर्मल आले. पण चूक माझी होती.

म्हणून आज सावित्रीबाईंचं आयुष्य एका वेगळ्या बाजूने सांगतो. शिक्षिका म्हणून तुम्ही त्यांना ओळखताच. या लेखात त्यांना रुग्णसेवा करणारी व्यक्ती म्हणून पाहू.

थोडक्यात

- सावित्रीबाईंनी ३० वर्षांहून अधिक काळ बाळंतिणी, दुष्काळातली मुलं, पक्षाघाताचा रुग्ण आणि शेवटी प्लेगचे रुग्ण यांची सेवा केली.
- १० मार्च १८९७ रोजी प्लेगने त्यांचा मृत्यू झाला. साथरोग कायदा त्याच्या जेमतेम महिनाभर आधी लागू झाला होता.
- त्या कायद्यात रुग्णाची सेवा करणाऱ्यांसाठी काहीच नव्हतं. संरक्षणाची तरतूद २०२० साली आली, तीही फक्त हिंसेपासून.
- घरी किंवा दवाखान्यात रुग्णाची काळजी घेणाऱ्याला संसर्गापासून जपणं हा उपचाराचाच भाग आहे.

नायगाव ते नगर: सुरुवातीची वर्षं

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातल्या नायगावात झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील, आई लक्ष्मीबाई. १८४० साली त्यांचं लग्न जोतीराव फुल्यांशी झालं. तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या आणि जोतीराव तेरा.

जोतीरावांनी त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं. शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण त्यांनी आपल्या नगरमध्येही घेतलं. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार तिथे मुलींना शिकवण्याचं काम करत होत्या. काष्टीच्या वाचकांना हे मुद्दाम सांगतो, कारण पुण्याच्या इतिहासातला हा दुवा आपल्या जिल्ह्यातून जातो. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पुढचा भाग तुम्हाला माहीत आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. त्या काळात शाळेत शिकवण्यासाठी प्रशिक्षण मिळत होतं. रुग्णाची शुश्रूषा करण्यासाठी एखाद्या मराठी घरातल्या बाईला कुठे शिकायला जाता येईल, अशी सोय जवळपास नव्हती. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने बायकांना परिचारिकेच्या कामाकडे वळवलं, ते १९०९ नंतर. सावित्रीबाईंनी पुढे जी सेवा केली, ती कुठल्याही प्रमाणपत्राशिवाय आणि कुठल्याही संस्थेच्या पाठबळाशिवाय केली.

बाळंतिणींसाठी उघडलेलं घर

१८६३ साली फुले दांपत्याने पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. लहान वयात विधवा झालेल्या, पुनर्विवाहाची मुभा नसलेल्या आणि बरेचदा घरातल्याच पुरुषाकडून फसवल्या गेलेल्या स्त्रिया गरोदर राहत. मग कुणी विहीर जवळ करी, कुणी पोट पाडण्यासाठी विषारी औषधं घेई, तर कुणी जन्मलेल्या बाळाचा जीव घेई. अशा स्त्रियांनी इथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, बाळ न्यायचं असेल तर न्यावं, नाहीतर इथेच ठेवावं, अशी ती व्यवस्था होती.

१८८४ साली जोतीरावांनी या घराचा हिशोब लिहून ठेवला आहे. तोपर्यंत ३५ स्त्रिया तिथे बाळंत झाल्या होत्या आणि त्यांच्या बाळांपैकी फक्त ५ जिवंत होती. बाकीची ३० दगावली, आणि त्याचं कारण जोतीरावांनी स्पष्ट लिहिलं: पोटात असतानाच दिलेल्या विषारी औषधांनी झालेली इजा.

डॉक्टर म्हणून हा आकडा वाचताना मी थांबतो. स्त्रिया घरात येईपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असायचं. प्रसूती कितीही काळजीने केली तरी ते भरून निघणार नव्हतं. ३५ बाळंतपणं आणि ३० मृत बाळं. या सगळ्यात बाळंतिणीच्या उशाशी बसणारी, तिला पाणी-पेज देणारी, मेलेलं बाळ कापडात गुंडाळणारी व्यक्ती प्रामुख्याने सावित्रीबाई होत्या. अशा कामाचा मनावर होणारा ताण आज आपण ओळखतो. प्रसूती कक्षातल्या सिस्टर्सना तो रोज येतो. त्यावर बोलायला त्यांना वेळ आणि माणूस मिळतो का, हा वेगळा प्रश्न.

याच घरात जन्मलेलं एक मूल फुल्यांनी १८७४ साली दत्तक घेतलं. त्याचं नाव यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला.

दुष्काळ आणि अन्न

१८७६-७७ साली दख्खनवर मोठा दुष्काळ पडला. आपल्या भागाला त्याची झळ किती बसली असेल, हे श्रीगोंदा, कर्जत, जामखेडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. सत्यशोधक समाजाने धनकवडीला उपाशी मुलांच्या जेवणाची व्यवस्था केली. सावित्रीबाई जुन्नर भागात फिरल्या आणि एप्रिल १८७७ मध्ये ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहून तिथली परिस्थिती कळवली.

दुष्काळात लोक फक्त भुकेने मरत नाहीत. उपाशी शरीराची प्रतिकारशक्ती कमी होते आणि मग हगवण, पटकी, हिवताप यांनी माणसं जातात. त्यामुळे वेळेवर दिलेलं जेवण हे साथ रोखण्याचंही काम करतं.

जोतीरावांचं आजारपण: घरातली शुश्रूषा

जुलै १८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू लुळी पडली. त्यांचे मित्र डॉ. विश्राम रामजी घोले त्यांच्यावर उपचार करत होते. जोतीराव डाव्या हाताने लिहायला शिकले आणि त्यांनी शेवटचं पुस्तक तसंच पूर्ण केलं. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचं निधन झालं.

म्हणजे आजारपण दोन वर्षांहून अधिक चाललं. तुमच्या घरात पक्षाघाताचा रुग्ण असेल तर या दोन वर्षांचा अर्थ तुम्हाला कळेल. दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठीला जखमा होऊ न देणं, घास ठसक्याविना उतरतोय का ते पाहणं, लघवी-शौचाची स्वच्छता, आणि रुग्णाच्या चिडचिडीला तोंड देणं. तेव्हा सावित्रीबाई सत्तावन्न ते एकोणसाठ वर्षांच्या होत्या. घरात पैशाची चणचण होती.

पक्षाघातातून माणूस किती सावरतो, हे औषधाइतकंच या रोजच्या कामावर अवलंबून असतं. जोतीराव डाव्या हाताने पुस्तक लिहू शकले, यात त्यांची जिद्द होतीच. पण जखमा न होऊ देणारे, वेळेवर भरवणारे आणि बसतं करणारे हातही होते.

अंत्ययात्रेत टिटवं धरण्यावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः हातात घेतलं. पुढे सत्यशोधक समाजाचं कामही त्यांनी चालवलं. १८९३ साली सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या.

१८९७: पुण्यात प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. काही महिन्यांतच साथ पुण्यात पोहोचली. १८९७ च्या सुरुवातीला पुण्यातले लोक शहर सोडून बाहेर पडू लागले.

सावित्रीबाई तेव्हा ६६ वर्षांच्या होत्या. यशवंत सैन्यात डॉक्टर होते. त्यांनी यशवंतना बोलावून घेतलं आणि हडपसर भागात ससाणे मळ्यात, गावाबाहेर मोकळ्या रानात, प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला. यशवंत उपचार करत आणि सावित्रीबाई रुग्णांना आणणं, धीर देणं, खाऊ-पिऊ घालणं हे काम बघत.

मुंढव्याच्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीत गायकवाडांच्या घरातल्या मुलाला प्लेग झाल्याचं त्यांना कळलं. त्यांनी त्याला पाठीवर घेतलं आणि ससाणे मळ्यापर्यंत आणलं. तो मुलगा वाचला. सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

डॉ. यशवंत पुढेही हेच काम करत राहिले. १९०५ साली पुन्हा आलेल्या साथीत रुग्णांवर उपचार करतानाच त्यांचाही प्लेगने मृत्यू झाला. एका घरातले रुग्णसेवा करणारे दोघेही त्याच आजाराने गेले.

प्लेग नेमका पसरतो कसा?

प्लेग यर्सिनिया पेस्टिस या जिवाणूमुळे होतो. अलेक्झांडर यर्सिन यांनी तो १८९४ साली हाँगकाँगमध्ये शोधला. पण तो माणसात येतो कसा, हे १८९७ मध्ये कुणाला नीट ठाऊक नव्हतं. उंदरांच्या अंगावरच्या पिसवा तो पसरवतात, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत दाखवलं, म्हणजे सावित्रीबाईंच्या मृत्यूनंतर साधारण वर्षाने.

गाठीच्या प्लेगमध्ये पिसू चावल्यानंतर एक ते सात दिवसांत थंडी वाजून ताप येतो आणि जांघेत, काखेत किंवा मानेत दुखरी गाठ येते. हा प्रकार मुख्यतः पिसवांमुळे होतो. फुफ्फुसाचा प्लेग मात्र रुग्णाच्या खोकल्यातून थेट दुसऱ्याला होतो आणि तो फार घातक असतो. उपचार न मिळाल्यास गाठीच्या प्लेगमध्ये १०० पैकी ३० ते ६० रुग्ण दगावतात.

आता ससाणे मळ्याकडे पुन्हा पाहा. घरात उंदीर पडायला लागले की गाव सोडून रानात झोपड्या टाकायच्या, ही आपल्याकडची जुनी रीत. तुमच्या आजी-पणजीने ती सांगितली असेल. मोकळ्या रानात उंदीर कमी, म्हणून पिसवा कमी. स्वच्छ, हवेशीर दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करणाऱ्यांना संसर्ग कमी होतो, हे नंतरच्या वर्षांत दिसून आलं. दवाखाना गावाबाहेर काढण्याचा निर्णय म्हणूनच वैद्यकीयदृष्ट्या योग्य होता. खरा धोका होता तो रुग्णाच्या घरात जाण्यात, जिथे उंदीर, पिसवा आणि रुग्णाचं अंथरूण-पांघरूण होतं. आणि सावित्रीबाईंचं काम तर तिथूनच रुग्ण आणण्याचं होतं.

आज प्लेगवर स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन अशी प्रभावी औषधं आहेत. १९९४ साली शेजारच्या बीड जिल्ह्यात मामला गावात गाठीचा प्लेग आढळला आणि पाठोपाठ सुरतेत फुफ्फुसाचा. तेव्हा प्रतिजैविकं हाताशी होती. १८९७ मध्ये एकही नव्हतं. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली होती. ती सर्वांपर्यंत पोहोचायला अजून अवकाश होता.

कायदा काय सांगत होता?

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा लागू झाला. कायदा छोटा, पण सरकारला अफाट अधिकार देणारा. प्रवाशांची तपासणी, रुग्णांना वेगळं ठेवणं, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा, हे सगळं त्यात होतं. या कायद्याखाली सद्हेतूने काम करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही, असं कलमही होतं.

म्हणजे घर उघडणाऱ्या अधिकाऱ्याला कोर्टकचेरीपासून संरक्षण होतं. रुग्ण उचलणाऱ्या बाईच्या जिवासाठी, तिच्या लसीसाठी किंवा ती गेल्यावर तिच्या घरच्यांसाठी एक ओळही नव्हती.

सावित्रीबाई गेल्या त्याच आठवड्यात पुण्यात वॉल्टर रँड यांच्या प्लेग कमिटीने सैनिकांकरवी घरझडत्या सुरू केल्या. लोकांना आजारापेक्षा झडतीची भीती वाटू लागली आणि रुग्ण लपवले जाऊ लागले. २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. मुंढव्यातला मुलगा ससाणे मळ्यात आला, कारण त्याला आणणारी बाई ओळखीची आणि विश्वासाची होती. साथ आटोक्यात आणायची तर रुग्णाने स्वतःहून पुढे यावं लागतं, आणि तो अशाच माणसासाठी पुढे येतो. आजही गावात ताप कुणाच्या घरात आहे हे सर्वांत आधी आशाताईला कळतं.

आज काय बदललं, काय राहिलं?

तोच १८९७ चा कायदा आपण कोविडमध्ये वापरला. २०२० साली त्यात दुरुस्ती झाली. आता आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला केल्यास तीन महिने ते पाच वर्षं आणि गंभीर दुखापत केल्यास सहा महिने ते सात वर्षं शिक्षा होऊ शकते. कोविड काळात आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांच्या विम्याची योजनाही आली आणि त्यात आशांचा समावेश होता. म्हणजे सेवा करणाऱ्याचा विचार कायद्यात यायला १२३ वर्षं लागली.

काही गोष्टी मात्र अजून जागच्या जागी आहेत.

- मनुष्यबळ: भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे साधारण वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. तुम्ही एखाद्या वॉर्डात रात्री थांबला असाल, तर तिथे किती रुग्णांमागे किती सिस्टर होत्या हे आठवून पाहा.
- पगार: सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. ती शिफारस अनेक छोट्या रुग्णालयांच्या पगारपत्रकापर्यंत पोहोचलेली नाही.
- आशा: २००५ पासून गावोगाव काम करणाऱ्या आशांना आजही स्वयंसेविका मानलं जातं आणि पगाराऐवजी मोबदला मिळतो. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. त्या गौरवाने त्यांचा दर्जा बदलला नाही.
- संसर्गापासून संरक्षण: हातमोजे, मास्क, लस, सुई टाकण्याचा डबा. हे पुरवणं मालकाचं काम आहे. माझ्या दवाखान्यात मीच ते पूर्ण केलं नव्हतं.

तुम्ही काय करू शकता?

*घरी रुग्णाची काळजी घेत असाल तर:*

- रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवा.
- खोकला असलेल्या रुग्णाजवळ जाताना तुम्ही आणि रुग्ण दोघांनीही मास्क वापरा. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा.
- दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर रुग्णाची क्षयरोगाची तपासणी करा. निदान झालं तर घरातल्या इतरांचीही करून घ्या.
- सगळी कामं एकाच व्यक्तीवर टाकू नका. बहुतेक घरांत ती सुनेवर किंवा मुलीवर पडतात. तिची झोप, जेवण आणि तपासणी हाही तुमच्या घराचा विषय आहे.

*दवाखान्यात काम करत असाल तर:*

- हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीनही डोस (० दिवस, १ महिना, ६ महिने) पूर्ण करा.
- वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नका. ती थेट सुयांच्या डब्यात टाका.
- सुई टोचली तर जागा दाबू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरांना सांगा. एचआयव्ही प्रतिबंधक औषध गरज असल्यास शक्यतो दोन तासांत आणि ७२ तासांच्या आतच सुरू करावं लागतं. म्हणून दोन दिवस गप्प बसणं धोक्याचं असतं.

*अचानक तापासोबत जांघेत, काखेत किंवा मानेत दुखरी गाठ आली, किंवा घराजवळ उंदीर अचानक मरू लागले, तर* लगेच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा. मेलेल्या उंदराला उघड्या हाताने स्पर्श करू नका.

शेवटी

सातवीतल्या त्या मुलीला मी तेव्हा एवढंच सांगितलं, की सावित्रीबाईंची काळजी घेण्याची सोय त्या वेळी नव्हती. घरी येताना लक्षात आलं, की हे अर्धंच उत्तर आहे. औषध नव्हतं हे खरं. पण सेवा करणाऱ्याला जपायला हवं, हा विचारही कायदा करणाऱ्यांच्या मनात नव्हता, आणि त्यासाठी कुठल्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.

आमच्या सिस्टरचे लसीचे तीनही डोस आता झाले आहेत. खर्च दवाखान्याने केला. सुयांचा डबा टेबलावर, तिच्या हाताशी असतो. पुढच्या वेळी तुम्ही इंजेक्शन घ्यायला जाल, तेव्हा तुमच्या सिस्टरजवळ असा डबा आहे का ते बघा. नसेल तर डॉक्टरांना विचारा. आम्हाला कुणी विचारलेलं चांगलं असतं.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. ताप, गाठ किंवा सुई टोचल्यास स्वतः औषध न घेता आपल्या डॉक्टरांना भेटा.*